अर्धा सूर खाली

लोविना पीसली एवढी चिडली ती एका खोडरबरामुळे.

बॉस्टनहून टपालाने आलेलं जाड पाकीट तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं, तेव्हा चुलीवर बीन्स शिजत होते आणि तिचं कुणाशीही भांडण नव्हतं. आत तिनेच व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेल्या सोनाट्याचे, म्हणजे तीन भागांच्या रचनेचे, व्हायोलिनचे कागद होते आणि वर एक चिठ्ठी. चिठ्ठी हार्लन स्टर्जिसची. हा हार्लन सात वर्षांचा असल्यापासून तिच्याकडे संगीत शिकला, मग बॉस्टनला गेला, तिथून जर्मनीला, आणि आता मोठ्या मोठ्या सभागृहांत व्हायोलिन वाजवतो. एबेन हिलसारख्या ग्रॅनाइटच्या खाणींवर जगणाऱ्या गावाला असा एकच माणूस मिळाला, त्यामुळे गावाला त्याचं कोण कौतुक.

‘प्रिय मिस पीसली,’ हार्लनने लिहिलं होतं, ‘सोनाटा पाहिला. धाडसी आहे. घाईत लिहिताना तुमच्या हातून काही खुणा चुकीच्या पडल्या होत्या. त्या मी नीट करून टाकल्या आहेत, आभार मानायची गरज नाही. तुमच्या पियानोच्या प्रतीतही बघून घ्या. पुढच्या शनिवारी भेटूच.’

“आभार मानायची गरज नाही!” लोविना मोठ्याने म्हणाली. ऐकायला घरात कुणीही नव्हतं.

तिने एकेक कागद खिडकीपाशी उजेडात धरला. ती नेहमी पेन्सिलने लिहायची, त्यामुळे पठ्ठ्याचं काम सोपं झालं होतं. जिथे जिथे खोडलं होतं तिथे कागद झिजून पातळ झाला होता. सदतीस जागा. सदतीस ठिकाणी या माणसाने तिचा सूर पुसून तिथे आपला गुळगुळीत सूर बसवला होता. पहिल्या भागातले पुसले, ते एक वेळ तिने सोडलं असतं. पण शेवटच्या भागात, चर्चच्या एका गीताच्या चौथ्या ओळीत, तो एक सूर होता. तिथली खूण तर त्याने इतकी घासली होती की कागदाला भोक पडायचं तेवढं राहिलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बीन्स करपले तरी तिला वास आला नाही.

त्या एका सुराबद्दल सांगायलाच हवं, कारण लोविनाने सोनाटा लिहिला तो त्याच्यासाठी. बाकीचं सगळं त्या सुरापर्यंत पोचायची वाट होती. पहिल्या भागात खाणीतली सकाळ: पियानोचा डावा हात एका पट्टीत आणि उजवा दुसऱ्या, कारण दगड घडवायच्या शेडचा भोंगा आणि चर्चची घंटा यांचा सूर गावात कधीच जुळला नाही आणि त्याबद्दल कुणी तक्रारही केली नाही. सुरुंग उडतो तिथे डावा तळवा अख्खा खालच्या पट्ट्यांवर आपटायचा. दुसऱ्या भागात हिवाळा, त्यात सूर थोडे आणि शांतता फार. आणि तिसऱ्या भागात तिचा धाकटा भाऊ ऑरिन.

ऑरिन खाणीत पहार धरायचा. म्हणजे खडकावर बसून पोलादी पहार दोन्ही हातांत उभी धरायची, दोघांनी समोरासमोर उभं राहून तिच्यावर आळीपाळीने घण घालायचे, आणि प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने ती जराशी फिरवायची. घण चुकला तर हात गेलाच. असं काम करणारा माणूस घाबरट नसतो. ऑरिन घाबरट नव्हताच, आणि गायलाही घाबरायचा नाही. रविवारी चर्चच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभा राहून तो छाती भरून गायचा. आवाज मोठा, दणदणीत. एकच अडचण होती. एबेन हिलचं लाडकं गीत म्हणजे ‘पैलतीरीचा दिवा’. त्याच्या चौथ्या ओळीत, ‘तिथेच माझे घर’ म्हणताना, ‘घर’ या शब्दावर चाल एकदम वर जाते. ऑरिन तिथे कधी पोचलाच नाही. अर्धा सूर खाली राहायचा आणि तिथेच मोठ्या समाधानाने पाय रोवून उभा राहायचा. आपलं काही कमी पडलंय हे त्याच्या गावीही नसायचं.

तेरा वर्षांपूर्वी चर्चला नवा ऑर्गन आला. पैसे बॉस्टनच्या पाहुण्यांनी दिले होते, आणि पहिल्या उपासनेला ते पाहुणे पुढच्या रांगेत बसणार होते. डीकन बझवेल, चर्चचे कारभारी आणि गावातले धान्याचे व्यापारी, लोविनाला बाजूला घेऊन म्हणाले, “लोविना, पाहुण्यांसमोर तो बैल हंबरायला नको. तू बहीण आहेस, तूच सांग.”

आणि लोविनाने सांगितलं. नवा ऑर्गन वाजवणारी ती होती, तिलाही पाहुण्यांचं कौतुक हवं होतं. चर्चमागच्या पंपापाशी ऑरिन पाणी पीत होता, तिथे जाऊन ती म्हणाली, “आजपासून तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.”

ऑरिनने तोंड पुसलं. “नुसते ओठ?”

“कुणाला कळणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि त्यानंतर अकरा वर्षं त्याने नुसते ओठ हलवले. दर रविवारी नियमाने यायचा, मागच्या रांगेत उभा राहायचा, पुस्तक उघडायचा आणि तोंड उघडमीट करायचा. घरी भांडी घासतानासुद्धा गुणगुणायचा नाही. लोविनाला सुरुवातीला बरं वाटलं. मग सवय झाली. मग एक दिवस, ऑर्गनवरच्या आरशात गायकवृंद दिसतो तिथे तिने त्याचं ते मुकं तोंड पाहिलं आणि नजर खाली पट्ट्यांवर वळवली. पण तोवर फार वर्षं गेली होती, आणि ‘आता गा’ असं सांगायला जी लाज सोडावी लागते ती तिला सोडता आली नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये दगडाच्या धुळीने ऑरिनची फुप्फुसं संपवली. खाणीतली माणसं अशीच जातात, पस्तिशी-चाळिशीत. शेवटच्या आठवड्यात ती त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, “गा ना, ऑरिन. ते गीत गा.” त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्याला श्वास पुरत नव्हता, की तो अजून तिचं ऐकत होता, हे तिला कळलं नाही. ते कळलं नाही म्हणून ती वर्षभर झोपली नाही, आणि जागून जागून तिने सोनाटा लिहिला. त्यात व्हायोलिन तेच गीत गातं, खाली पियानो गावासारखा बिनचूक वाजतो, आणि ‘घर’ या शब्दावर व्हायोलिन अर्धा सूर खाली थांबतं. तीनदा. ज्या गावाने त्याला गप्प केलं त्या गावासमोर ऑरिनला तीनदा गायला लावायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि हा शहाणा तेच पुसून वर आभार नकोत म्हणतो!

तिने दौत काढली, आणि सदतीसच्या सदतीस खुणा शाईने पुन्हा लिहिल्या. शेवटचा सूर तर तिने इतका ठळक काढला की कागदाच्या मागच्या बाजूला उमटला.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी ओल्ड होम डे होता. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी वर्षातून एकदा परत येतात, स्मशानातल्या आपापल्या दगडांवरचं गवत काढतात, बीन्स आणि ब्राउन ब्रेड खातात, आणि गाव किती बदललं म्हणून हळहळतात. दुपारी टाउन हॉलमध्ये कार्यक्रम. या वर्षी समितीने हार्लनला बोलावलं होतं, आणि हार्लनने मोठ्या मनाने कळवलं होतं की आपण आपल्या पहिल्या बाईंची एखादी रचना वाजवू. समिती खूश झाली. डीकन बझवेलांनी स्वतः कार्यक्रमपत्रिकेत ‘मिस पीसली यांची एक गोड रचना’ असं छापून घेतलं होतं. ‘गोड’ हा शब्द वाचून लोविनाने पत्रिका चुलीत घातली.

आदल्या दिवशी हार्लन तालमीला आला तो पांढऱ्या सुटात, हातात व्हायोलिनची पेटी, तोंडभर हसू.

“बाई! काही म्हणजे काही बदलला नाहीत तुम्ही.”

“तुझा रबर आणलायस का?” लोविनाने विचारलं.

“अं?”

तिने कागद त्याच्यापुढे आपटले. शाई बघून त्याचं हसू जरा आक्रसलं.

“बाई, मी मदत म्हणून केलं हो. इथे बघा, पियानो वर जातोय आणि व्हायोलिन अडकून बसतंय. हे तर सरळ सरळ चुकलेलं दिसतं.”

“दिसतं ना? मग दिसू दे.”

“पण ऐकणाऱ्याला वाटेल की मला वाजवता येत नाही!”

“अच्छा. म्हणजे काळजी तुझी आहे होय. मला वाटलं संगीताची आहे.”

हार्लनचे कान लाल झाले. लहानपणीही व्हायचे. “तुम्हाला आठवतं का बाई, सूर कमी पडला की तुम्ही पट्टी मारायचात? या बोटावर. इथे अजून वण आहे. तेव्हा ‘दिसू दे’ नाही म्हणालात कधी.”

हे तिला लागलं, कारण खरं होतं. पण रागात असलेल्या माणसाला खरं ऐकवलं की तो शांत होत नाही, उलट आणखी भडकतो. “तेव्हा मी मूर्ख होते,” ती म्हणाली. “माझ्या मूर्खपणाचं तू एवढं भांडवल करशील हे ठाऊक असतं तर दुसरी पट्टी मारली असती, उलट्या बाजूने. ऑरिन आठवतो तुला?”

“पहार धरणारे ऑरिनमामा? आठवतात की. मला खिशातून मेपलची साखर द्यायचे.”

“हा सूर त्याचा आहे. तो असाच गायचा. तुझा नाही, माझा नाही, त्याचा. त्याला हात लावायचा नाही.”

हार्लनने कागद उचलून पुन्हा पाहिले. तेवढ्यात डीकन बझवेल खुर्च्यांची यादी घेऊन आत आले. वय पंचाहत्तर, पण कान मांजराचे.

“काय चाललंय? भांडण? लोविना, त्याला दमवू नकोस हं, उद्या राज्याचे सिनेटर येणारेत.”

“पाहुणे आले की तुमच्या अंगात येतं, डीकन.”

“आता मी काय केलं?” ते खरोखरच बुचकळ्यात पडले. त्यांना काही आठवतही नव्हतं. हेच तिला सहन झालं नाही. ज्याने शब्द टाकला तो विसरून गेला, ज्याने झेलला तो मातीत गेला, आणि मधली ही एकटी अजून तोच घेऊन बसली होती.

“वाजवीन, बाई,” हार्लन हळूच म्हणाला. “लिहिलंय तसं वाजवीन. शब्द देतो.”

तालमीत तो प्रत्येक वेळी त्या सुराच्या आधी थांबला आणि म्हणाला, “हा उद्या बघू.” तिने तेही चालवून घेतलं. शब्द दिला होता ना.

शनिवारी टाउन हॉल भरला. खाणीतल्या आठ जणांनी सकाळी चर्चचा पियानो खांद्यावरून जिन्याने वर आणला होता, म्हणून समितीने उपकार केल्यासारखं त्यांना मागे दारापाशी बाकावर बसू दिलं. त्यांच्यात फिनलंडचा तोइवो लाहती होता. नऊ वर्षं ऑरिनच्या पहारीवर घण घालणाऱ्या दोघांतला एक. उंच, टक्कल पडलेला, स्वच्छ सदऱ्यात अवघडलेला. त्याचं चर्च वेगळं, गावाच्या चर्चमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पहिला भाग सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटात पुढच्या रांगांनी एकमेकींकडे पाहिलं. लोविनाने डावा तळवा पट्ट्यांवर आपटला तेव्हा सिनेटरांच्या बायकोने दचकून पंखा खाली टाकला. मागच्या बाकावरून मात्र कुणीतरी हसून म्हणालं, “सुरुंग!” आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हार्लन उत्तम वाजवत होता. शाईतला एकेक सूर, न चुकता. दुसऱ्या भागात लोक खोकत राहिले. लोविनाला त्याची पर्वा नव्हती. ती वाट बघत होती.

तिसरा भाग आला. व्हायोलिनने ‘पैलतीरीचा दिवा’ सुरू केलं आणि अख्ख्या सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला. एकदाचं ओळखीचं काहीतरी! पहिली ओळ, दुसरी, तिसरी. डीकन बझवेल डोळे मिटून ताल धरत होते. चौथी ओळ. लोविनाने श्वास रोखला.

हार्लन वर गेला. थेट वरच्या सुरावर, स्वच्छ, गोल, चकचकीत. वर आणखी थोडा थरथरवलाही. सभागृहातून ‘अहाहा’ निघालं. डीकनांनी मान हलवली.

लोविनाने पट्ट्यांवरून हात उचलले.

व्हायोलिन आणखी चार सूर एकटंच गेलं आणि थांबलं. “परत,” ती म्हणाली.

“बाई, पुढे चला,” हार्लन ओठ न हलवता पुटपुटला.

“परत! काय लिहिलंय ते वाच आणि वाजव.”

“लोकांसमोर नको हो.”

“लोकांसमोरच. नाहीतर लिहिलं कशाला?”

हार्लन लोकांकडे वळला. घामाघूम झाला होता, तरी हसला. “मिस पीसलींच्या प्रतीत एक छोटीशी चूक आहे,” तो म्हणाला, आणि सभागृह मायेने हसलं. म्हाताऱ्या मास्तरणीवर हसावं तसं.

लोविना उठून उभी राहिली. स्टूल मागे पडलं.

“चूक नाहीये ती. माझा भाऊ आहे तो!” ती लोकांकडे वळली. “ऑरिन पीसली. तुम्ही सगळे ओळखता त्याला. तुमच्या पायऱ्यांचे दगड त्याने फोडलेत, तुमच्या आईबापांच्या थडग्यांचे दगड त्याने फोडलेत, आणि त्याचा आवाज तुम्हाला पाहुण्यांसमोर नको होता!”

“लोविना,” डीकन उठले, “बस झालं. खाली बस.”

“तुम्ही बसा! ‘तो बैल हंबरायला नको’ कोण म्हणालं होतं? आठवत नाही ना? तुमचं बरं आहे. तुम्ही नुसतं म्हणालात. त्याला जाऊन सांगितलं मी. ओठ हलव म्हणाले. अकरा वर्षं हलवले त्याने! आणि आज याने शब्द दिलेला असताना हाही तेच करतो!”

सभागृहात पंखे थांबले. डीकन खाली बसले, हळूहळू, खुर्चीचा हात चाचपत.

“मला जमत नाही, बाई,” हार्लन म्हणाला. आता हसत नव्हता, आणि फक्त तिच्याशीच बोलत होता. “मी मुद्दाम नाही केलं. खोलीत पन्नासदा वाजवून पाहिलं. खाली पियानो आला की बोट आपोआप वर सरकतं. मनात ठरवलं तरी सरकतं. तुम्हीच शिकवलंत ते. आता कुठून काढून टाकू?”

“न जमायला काय झालं? एक सूर आहे!”

“मग तुम्ही गाऊन दाखवा.”

“दाखवते,” ती म्हणाली. उभ्याउभ्याच पियानोवर वाकून तिने गीत वाजवायला घेतलं आणि गायला लागली. गायिका नव्हती ती, पण सुरात पक्की होती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. ‘तिथेच माझे’... आणि तिचा आवाज वर गेला, जिथे जायला नको होता तिथे, बरोब्बर वर.

ती थांबली. पुन्हा चौथी ओळ घेतली. पुन्हा वर. चाळीस वर्षांचा कान तिचा, तो तिला खाली थांबूच देईना. तिसऱ्यांदा तिने डोळे गच्च मिटले, ऑरिनचं तोंड आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते आरशातलं, मुकं. सूर वर गेला. पुढच्या रांगेत कुणीतरी चुळबुळलं, कुणीतरी घसा खाकरला. लोविनाने पियानोच्या झाकणावर मूठ आपटली. तिला सगळ्यांचा राग आला, हार्लनचा, डीकनचा, पंखेवाल्या बायकांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या गळ्याचा. ऑरिनला गप्प करायला तिला एक वाक्य पुरलं होतं, आणि आता त्याचा एक सूर तिच्याने निघत नव्हता.

तेव्हा मागच्या बाकावर तोइवो लाहती उभा राहिला.

त्याला वाटलं, बाई चाल विसरल्या. बिचाऱ्या भावाच्या आठवणीने गडबडल्यात, मदत करावी. त्याच्या लेखी एवढंच होतं. त्याने दोन्ही हात समोर घेतले, जसा घण धरतात तसे, आणि उचलताना एक मात्रा, आपटताना एक, अशा तालावर गायला लागला. शब्द अर्धे मोडके, आवाज राकट. पहिली ओळ, दुसरी. लोविनाचे हात आपोआप पट्ट्यांवर गेले. तिसऱ्या ओळीत बाकावरचे दुसरे उठले. चौथी ओळ. ‘तिथेच माझे’... आणि पियानो वर गेला, आणि ते आठही जण अर्धा सूर खाली थांबले. तिथेच पाय रोवून, छाती भरून, मोठ्या समाधानाने.

ऑरिन. अगदी तोच.

ते थांबले नाहीत. दुसरं कडवं, तिसरं. प्रत्येक वेळी तिथेच. पुढच्या रांगा मागे वळून बघत होत्या. एबेन हिलमधल्या प्रत्येकाने तो आवाज ओळखला आणि मान खाली घातली. डीकन बझवेलांनी टोपी गुडघ्यावरून उचलून तोंडासमोर धरली. हार्लनने व्हायोलिन खांद्याला लावलं, मग खाली घेतलं आणि नुसता ऐकत उभा राहिला.

संपलं तेव्हा टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. लोविना खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेली.

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?” ती तोइवोला म्हणाली. जरा दरडावूनच, रागाचा आवाज अजून उतरला नव्हता.

“ऑरिनने,” तोइवो म्हणाला. “दुसरं कोण? मी नवीन होतो, इथली भाषा येत नव्हती. घण चुकायचा. तो म्हणाला, गाण्यावर मार, चुकणार नाही. रोज गायचा. सकाळपासून भोंग्यापर्यंत. आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो.”

“रोज?”

“रोज. रविवार सोडून.”

लोविनाने बाकाची पाठ धरली. तो अकरा वर्षं गात होता. डोंगराच्या त्या बाजूला, घणाखाली हात ठेवून, छाती फुटेपर्यंत गात होता. घरी मात्र कधी नाही. तिच्यासमोर नाही.

तोइवो टोपी हातात फिरवत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण बाईंना वाईट वाटेल म्हणून अडत होता.

“मिस,” तो शेवटी म्हणाला, “रागावू नका हं. तुम्ही छान वाजवता. पण ते शेवटचं आहे ना, ‘घर’ म्हणतात तिथे... तुमचा पियानो फार वर जातो. ऑरिन तसं नव्हता म्हणत. तिथे तुमचं चुकतं.”

बाकावरच्या दोघा-तिघांनी मान हलवली. चुकत होतं खरं, त्यांच्याही लक्षात आलं होतं.

“हो,” लोविना म्हणाली. “चुकलं माझं.”